बंपरखालची डबी

नाव व पत्ता: वेगळ्या कागदावर लिहून दिला आहे. तो कागद बंद पाकिटात राहावा, अशी विनंती आहे.
वय: ४१ वर्षे. व्यवसाय: दातांच्या कवळ्या बनवणे.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगते की, त्या पत्त्यावर मी चौदा महिन्यांपासून एकटी राहते. पती वेगळे राहतात. पांढरी चारचाकी माझ्या नावावर असून मीच वापरते. ती तळमजल्यावर शटरच्या गाळ्यात असते. शटरची आतली कडी तुटलेली आहे.

वेगळे झाल्यापासून पतीने मला चार वेळा बाहेर गाठले. डोळ्यांच्या डॉक्टरांच्या दारात, पोहण्याच्या तलावाबाहेर, मैत्रिणीच्या वडिलांच्या अंत्यविधीला आणि एकदा गावाबाहेरच्या रोपवाटिकेत. दर वेळी ते "अरे, तू इथे कशी?" असे म्हणाले. या चारही ठिकाणी मी जाणार हे फक्त माझ्या धाकट्या बहिणीला माहीत होते. त्यामुळे मी तिला घरभेदी म्हटले. तिने नाही म्हणून सांगितले. मी ऐकले नाही. पाच महिने आमचे बोलणे नव्हते. या काळात तिचे एक ऑपरेशन झाले. मी गेले नाही.

आज रविवारी सकाळी ९.३० वाजता मी गाडीवरची जुनी संरक्षक फिल्म काढायला घेतली. रंगाला ओरखडे पडू नयेत म्हणून ही पारदर्शक फिल्म सहा वर्षांपूर्वी बसवली होती. ती पिवळी पडून कडांना तडकली होती. केस वाळवायच्या ड्रायरने थोडा थोडा भाग गरम करायचा आणि कोपरा धरून सावकाश ओढायचे, अशी पद्धत आहे. घाई केली की फिल्म फाटते व गोंद रंगावर राहतो. माझे रोजचे काम असेच नाजूक असल्याने जड गेले नाही. बॉनेट तासाभरात मोकळे झाले.

पुढच्या बंपरवर फिल्मची कड खालून आत दुमडलेली होती. ती सोडवायला मी हात घातला तेव्हा काडेपेटीएवढी काळी डबी हाताला लागली. ती काळ्या चिकटपट्टीने फिल्मवरच चिकटवलेली होती. तिच्यातून दोन तारा आत गेल्या होत्या व बारीक हिरवा दिवा लुकलुकत होता. पट्टी ओढताना एक तार निसटली आणि दिवा विझला. पट्टीखालची फिल्म बाकीच्या फिल्मइतकीच पिवळी होती. म्हणजे ती पिवळी पडल्यावर, अलीकडे कधीतरी, कोणीतरी पट्टी लावली आहे. ही गोष्ट लिहून घ्यावी.

१०.४० वाजता पतीचा फोन आला. ते म्हणाले, "गाडीची बॅटरी गेली का गं?"

मी विचारले, "तुला कसं कळलं?"

ते म्हणाले, "अंदाज. थांब, येतो मी."

मी "येऊ नकोस" असे दोनदा सांगितले. नंतर बहिणीला फोन लावला. पहिल्याच घंटीला तिने उचलला. मी म्हटले, "तू नव्हतीस गं." गाडी कुठे जाते ते त्यांना फोनवर दाखवणाऱ्या डबीचे सांगितले. ती म्हणाली, "शटर ओढ खाली. पोलिसांना घेऊन येते. फोन चालू ठेव."

११.०५ वाजता पती आले. मी शटर आतून ओढून खालच्या पट्टीवर दोन्ही पाय देऊन उभी होते. ते हळू आवाजात बोलत होते. "अशी ओढायची नसते ती फिल्म. रंग सोलवटेल. उघड, मी काढून देतो." वरच्या मजल्यावरचे, पोस्टातून निवृत्त झालेले काका खाली आल्याचे मला ऐकू आले. पती त्यांना म्हणाले, "बायको आहे माझी. रुसलीय." काका मला म्हणाले, "उघड की पोरी, ताटकळलाय बिचारा." मी "नाही" म्हटले.

मग पतीने शटर उचलले. माझा उजवा पाय घसरला व त्यांची चार बोटे आत आली. माझ्या हातात ड्रायर चालू होता. मी तो वापरला नाही. वापरावासा वाटला, हेही लिहावे.

ते म्हणाले, "ती डबी तेवढी दे, मी जातो."

काकांनी विचारले, "कसली डबी?"

पती शटर ओढतच राहिले. काकांनी पुन्हा विचारले. मग काका म्हणाले, "काढा हात. ती नको म्हणतेय, कळत नाही का?" बोटे बाहेर गेली. त्यानंतर बाहेर खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. काका शटरला पाठ लावून बसले होते, हे मी नंतर पाहिले.

११.४० वाजता बहीण महिला हवालदारांना घेऊन आली. तिचा आवाज ओळखल्यावर मी शटर वर केले. पती हवालदारांना म्हणाले, "काळजीपोटी लावली. एकटी फिरते ती." डबी, पट्टी व फिल्मचा तेवढा तुकडा मी हवालदारांच्या ताब्यात दिला. पतीला त्यांनी सोबत नेले व मला गाडी घेऊन ठाण्यात यायला सांगितले.

ठाणे घरापासून दहा मिनिटांवर आहे. मी आणि बहीण १२.१५ वाजता निघालो व १.२० वाजता पोहोचलो. मधला वेळ कुठे होतात, असे मला विचारण्यात आले. गाडीतून फिरत होतो. कुठे, ते मला सांगायचे नाही.

वरचा मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. मी बोलले तसाच तो उतरला आहे, म्हणून खाली सही करते.