चीजकेक हलायला लागला तेव्हा

तुम्हाला हसू येईल, पण त्या दिवशी मी फक्त रडायची बाकी होते. माझ्या लेकीच्या, चिऊच्या वाढदिवसाला मोबाईलवर बघून लिंबाचा चीजकेक केला, घरच्या दुधाचा चक्का घालून, कुकरमध्ये. दुपारी झाकण काढलं तर मधोमध लदलद हलतोय! पाचला तिच्या मैत्रिणी येणार. मी परत गॅस पेटवायला गेले, तर सासूबाईंनी माझा हात धरला.

"अगं, खरवस पण गरम हाय तवर असाच हलतो. गार होऊ दे की."

फ्रिजमध्ये ठेवला. मग वरून संत्र्याच्या फोडी गोल लावल्या. चिऊने सुरी घातली आणि तुकडा सरळ, अख्खा निघाला! माझा जीव भांड्यात पडला.

सासूबाईंनी चाखून बघितला.

"खरवस झ्याक झालाय गं. फक्त लिंबू पिळायचं नाय त्यात."