मशीनची खोली

लेक वर्षाराणीच्या डायलिसिस टेक्निशियन कोर्सच्या अ‍ॅडमिशनचा फॉर्म घेऊन उदयसिंह कोल्हापुरातल्या एका खाजगी कॉलेजच्या खिडकीशी रांगेत उभा होता. पुढची पोरगी क्लार्कवर तापली होती.

"दोन वर्षं शिकले इथं. मशीनला एकदा तरी हात लावू दिला का?"

"सर्टिफिकेट दिलंय की तुला."

"ते घेऊन दवाखान्यात गेलते. नळ्या जोडून दाखव म्हणाले. पेशंट माझ्याकडं बघत हुता, आणि मला पहिली नळी कुठली तेच कळंना!"

"हळू बोल. मागं पालक हायत."

"ऐकू दे त्यास्नी! सरकारी कॉलेजात कमी फीत शिकले असते. तिथल्या जागा भरल्या म्हणून तुम्हीच सांगितलं. खोटं हुतं ते!"

"बाजूला हो. या पावणं, आणा फॉर्म."

उदयसिंहचं टाळकं सरकलं.

"आधी मशीन दावा."

"खोलीला कुलूप हाय."

"परवा फोनवर मलाबी सांगितलासा की, सरकारी जागा भरल्या म्हणून?"

क्लार्क कागद चाळत बसला. उदयसिंहनं फॉर्म टराटरा फाडला आणि त्या पोरीकडं वळला.

"पोरी, ते सरकारी कॉलेज कुठं हाय? चल, आमास्नी दाव."