पहिल्या बेसवरची मराठी

हॅलो?… हॅलो, कोण?… प्रणवेश? अरे, मोठ्यानं बोल, बूथवर आहेस ना… हो, मी वसुमती अक्काच. दुसरं कोण उचलणार? अम्मा अजून फोनला हात लावत नाही, शॉक बसेल म्हणते.

बोल, बेसबॉलच्या मॅचचं काय झालं?… हरलात? महाराष्ट्राशी?… अरे, पण तमिळनाडूच्या टीममध्ये तुला घेतलंय ते आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलतात म्हणून, त्यांच्यासाठीच ना. बाकी सगळ्या मॅचना बाहेर बसून संत्री सोलायची, आणि महाराष्ट्र आला की पहिल्या बेसवर उभं राहायचं. त्यांचा कोच आपल्या पोराला मराठीत काय सांगतो ते ऐकायचं नि टोपीला हात लावून आपल्या टीमला खूण द्यायची. एवढंच काम. तुमचे कोच नटराज सर स्वतः घरी येऊन सांगून गेले, दोन वेळा कॉफी पिऊन गेले…

हो, हो… ऐकते रे, सांग… कोच म्हणाला, पुढच्या बॉलला पळ… बरं… तू टोपीला हात लावलास… आणि तो आउट. शाब्बास. मग?… दुसराही आउट? त्यांना वाटलं असेल, ह्या मद्रासी पोरांना मराठी काय कळणार. मग हरलात कसे?

तिसरा… हं… तो पळायच्या बेतात, आणि बॉल आला तुझ्याकडे… त्यानं उडी मारली, परत बेसवर… हात तुझ्या बुटाखाली?… अय्यो. मग?

काय विचारलंस?

परत सांग.

“लागलं का रे?” असं? मराठीत? त्यांच्या कोचच्या देखत?

अरे देवा. तमिळ येत नव्हतं तुला? शाळा तमिळ, भांडणं तमिळ, कंडक्टरकडे सुटे मागतोस तेही तमिळमध्ये. आणि नेमकं तिथं… हो, तोंडातून गेलं. तुझ्या जिभेला काही हाड? नुसतं ‘सॉरी’ म्हणायचं होतंस… मग काय, कोच पोरांच्या कानात बोलायला लागला असेल… बोटांनी खुणा? झालं. आणि गेलात एका रननं.

सर काय म्हणाले?… उद्या परत महाराष्ट्राशीच मॅच, आणि तू बाहेर?… अरे, पण उद्याच तर रेल्वेचे साहेब येणार ना, खेळाडू निवडायला. बाहेर बसलेल्याला काय, संत्री छान सोलतो म्हणून नोकरी देणार? मी पुन्नैनल्लूरच्या देवीला अर्चना बोलले. शेजारच्या अनिरुद्धरावांना सांगून बसले, आमचा प्रणवेश रेल्वेत लागला म्हणून समजा. घास तोंडाशी आला होता रे. कॉलेज संपल्यापासून ह्या खेळाच्या मागे आहेस, दुसरं काही केलं नाहीस. हा एक दिवस होता तुझा.

आणि तो मेला, नीट पळता येत नाही तर खेळावं कशाला? भाकरी खाऊन एवढासुद्धा जोर नाही पायात? म्हशीसारखा येऊन आमच्या पोराच्या बुटाखाली…

काय?… हळू का बोलू?… कोण उभंय?… तोच? तिथं? मघापासून?… माझा आवाज बाहेर ऐकू येतो?… सगळं?… म्हशीचं पण?

हसतोय?… काय म्हणतोय?… त्याची पणजी असं मराठी बोलायची? छान. लग्न व्हायच्या आत पणजी झाले मी.

थांब, थांब, अम्मा काहीतरी विचारतेय… हो अम्मा, हरले. उद्या ह्याला बाहेर बसवणार. नाही, नोकरीचं आता कठीणच. एका पोराच्या हातावर ह्याचा पाय पडला, आणि हा सगळं विसरून मराठीत विचारत बसला… हं?… हं.

प्रणवेश… आहे, आहे मी. काही नाही. अम्मानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, मग त्या पोराला फार लागलं का.

…नाही रे, रागावले नाही. वाईट वाटतंय, तेवढंच. खूप वाटतंय. उद्या बस बाहेर. मान खाली घालून बसू नकोस पण, सांगून ठेवते. घरी ये, मग बघू. अनिरुद्धरावांना मी सांगते काय ते.

दे, त्याला फोन दे… अरे, दे म्हणते ना.

हॅलो?… हं, मी अक्का बोलते… राहू दे, माफी मागायची तर मीच मागायला पाहिजे, ते म्हशीचं… बरं, ते जाऊ दे. खरं सांग मला… लागलं का रे फार?