घाटातला लाल फिल्टर

...अहो, हवाच ती! हवेत असून असून काय असणार? पण त्या लाल एअर फिल्टरच्या खोक्यावर छापलेलं, 'इंजिन मोकळा श्वास घेईल, पेट्रोल वाचेल', आणि मी, एकोणसत्तर वर्षांचा कुरामोची, चाळीस वर्षं ट्रक हाकलेला माणूस, भुललो की! हौसेनं नाही हो... तुम्हाला सांगतो, बायकोसाठी!

आमच्या फुसाएची मूत्रपिंडं गेली. आठवड्यातनं तीनदा डायलिसिस, घाट उतरून खाली मोरिओका शहरात, नेणारा मीच. तर गेल्या पानगळीत ही खाली मान घालून म्हणते, "अहो, माझ्यापायी पेट्रोल फार जातं हो. मी आपली चिझुरूकडे राहते." चिझुरू आमची लेक, मोरिओकात चौथ्या मजल्यावर असते. मी हादरलो! चव्वेचाळीस वर्षांचा संसार पेट्रोलपायी मोडायचा? हिच्यामागं त्या घरात मी काय भिंतींशी बोलू? म्हटलं, पेट्रोलच ना? थांब, वाचवतोच!

बसवला लाल फिल्टर. टाकी काठोकाठ भरली, आणि मग काय, सगळा घाट नजर पेट्रोलच्या काट्यावर, जपून, हळू... पुढच्या भरण्याला लिटरमागे पावणेतीन किलोमीटर जास्त! पंपावर नाचायचंच बाकी राहिलं. ही हसली, म्हणाली, "मग राहते हो इथंच." हवाच ती, पण घर राखलं तिनं, असं मी गावभर सांगत सुटलो!

आणि परवा गाडी तपासणीला नेली. तो नुमाता मेकॅनिक, माणसांशी कमी आणि इंजिनांशी जास्त बोलणारा, फिल्टर हातात धरून म्हणतो, "काका, इंजिनाला लागते तेवढीच हवा ते ओढतं, आणि त्या हवेच्या मापानं कॉम्प्युटर पेट्रोल सोडतो. तुमचा जुना कागदी काय तुंबलेला नव्हता. यानं काही वाचत नाही."

"अरे, मग पावणेतीन किलोमीटर?"

"पाय हलका झाला असेल तुमचा."

माझा पाय? मला शिकवतोय? जुना फिल्टर परत बसवायला लावला, लाल तो मांडीवर टाकला, आणि परतीच्या वाटेवर शेजारी बसलेल्या फुसाएला म्हणालो, "ऐकलंस काय म्हणतो तो?" मग तिनं समोरचा खण उघडला. आत प्लॅस्टिकच्या पिशव्या, तिकोनी घड्या घातलेल्या, ओळीनं.

"आधी परतताना दर खेपेला एक लागायची," म्हणाली. "सुई काढली की अंगात त्राण नसतं, त्यात तुमची ती भरधाव वळणं... आता दोन महिने घडी मोडलेली नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की! पेट्रोल फार जातं, म्हटलं."

गाडी कडेला घेतली आणि रडलो, सांगतो, लाज कसली! ही खिडकी उघडून म्हणायची, "हवा छान आहे हो बाहेर," आणि मी म्हणायचो, हवाच ती, लाव ती काच, थंडी येते! शेजारी बायको पिशवीत तोंड घालून ओकते आणि मी रस्ता बघतोय!

फिल्टर फेकायला निघालो, तर हिनं हात धरला. "असू दे समोर. तुमचा पाय हलका राहतो."

तेव्हापासून तो काचेखाली, माझ्या डोळ्यांसमोर बसलाय. इंजिनात करत होता, तेवढंच काम तिथंही करतो.