बाबांचा लाल फेटा

जयराम : ...आणि पाय पुसून आत ये, तुलसीराम. लाबुतिक आहे, दुकान आहे हे, गोठा नव्हे.

तुलसीराम : पांपलमूस गावाहून चालत आलोय, दाजी. शिपायानं काल चौकीत डांबलं हुतं. आज दुपारपातूर सोडलंय.

जयराम : का? नव्या कायद्याचं तसबिरीचं तिकीट नव्हतं जवळ?

तुलसीराम : हुतं की! तसबिरीत रंग भरलेला लाल फेटा, अन् शिपायापुढं हे फाटकं मुंडासं. म्हनला, हा तू न्हवंस. तसबिरीतल्या मानसाला घिऊन ये, न्हाईतर भटक्यांच्या तुरुंगात चल.

जयराम : सगळ्यांचं तेच झालंय.

भगवती : होणारच! तसबीरवाल्या साहेबाच्या दारात एकच फेटा घेऊन बसला होता तुम्ही. तीनशे माणसं काढलीत त्यातून.

जयराम : मग काय उघड्या बोडक्यानं काढायची तसबीर? सुतक असल्यासारखी? लोकांची अब्रू राखली मी, भगवती.

भगवती : डोक्यामागं दोन पेनी घेऊन. एकाच्या घामानं थबथबलेला फेटा लगेच दुसऱ्याच्या डोक्यावर. मधे झटकतसुद्धा नव्हता. शी!

जयराम : रांग होती! झटकायला वेळ कुठला?

तुलसीराम : फेटा आमच्या बाबांचा, दाजी. तरी दोन पेनी माज्याकडनं बी घेतल्या.

जयराम : नातेवाईक सोडले तर धंदा कुणाशी करू? ह्या बेटावर निम्मे आपलेच.

तुलसीराम : बरं, लाल कापड द्या एक. ऊन चढाय लागलं.

जयराम : संपलं.

तुलसीराम : समदं?

जयराम : धरपकड सुरू झाली आणि अख्खा ताका हातोहात खपला. तिप्पट भाव लावला तर दुकानात उभं राहायला जागा नाही! काल तर घरातलं लाल लुगडंही फाडून विकलं.

भगवती : माझं. तिकडं मोका गावात चार बाप्ये माझा पदर डोक्याला गुंडाळून फिरताहेत.

जयराम : गुरुवारी बोटीनं कापड येईल. तुझा नंबर एकेचाळिसावा.

तुलसीराम : गुरुवारी मी तुरुंगात दगड फोडत आसंन. घरी माजी पोर कुंती तापानं फणफणलीय, तिच्या तोंडात पाणी कोन घालणार?

जयराम : गर्दीच इतकी आहे, मी तरी काय करू?

भगवती : तुलसीराम, खाली बस. मान वर कर.

(भगवती खुंटीवरचा जुना लाल फेटा काढते.)

जयराम : ए, तो ठेव! तो विकायचा नाही, माझा आहे.

भगवती : बाबांचा आहे. ते गेले तेव्हा उशाखालून ओढून घेतलात तुम्ही. जन्मभर फेट्याशिवाय उंबरा न ओलांडलेला माणूस, चितेवर बोडका गेला.

जयराम : अगं, पण माझ्या तिकिटावरही हाच आहे! शिपाई आज ह्याच रस्त्यानं तिकिटं तपासताहेत!

भगवती : दिसले. कोपऱ्यावरच्या चिन्याच्या दुकानाशी आलेत. तू नीघ, तुलसीराम. पळू नकोस, बाबा चालायचे तसा ताठ चाल.

तुलसीराम : अन् दाजी गं, आक्का?

भगवती : त्यांचा नंबर बेचाळिसावा.