रविवारच्या सोयाबीन वड्या

(इंदूबाई भुसावळ स्टेशनवर बायकांच्या वेटिंग रूममध्ये आया आहेत. त्यांनी सांगितलं, तसंच उतरवलं.)

मी मूळची असोद्याची, जळगावजवळचं गाव. बापाचं केळीचं वावर व्हतं, घरात मानसं मोप, मटन शिजलं का मोठ्या पातेल्यात शिजे अन् आमा पोरीयच्या वाट्याले नुसता रस्सा येये, पन त्यात भाकर चुरून खाल्ली का दुसरं काही लागत नसे. मंग लगन झालं, मी भुसावळले आली. माह्ये मालक रेल्वेच्या लोको शेडमधी फिटर, दोन खोल्यायचं क्वार्टर, आमी दोघं अन् एकुलता एक प्रकाश. रविवारी ते सोता पिशवी घेऊन मटन आनाले जायेत. मी कांदा अन् सुकं खोबरं निखाऱ्यावर काळं होईस्तोवर भाजे, पाट्यावर वाटे. मिक्सर घेऊ म्हटलं तर नको म्हनेत, पाट्यावरची चव येत नई म्हनेत. प्रकाश शेजारी टीव्हीवर देवाची मालिका पाहून पळत येये अन् बापाच्या मांडीले मांडी लावून बसे. नळी हे फोडून त्याच्या ताटात टाकेत. काय सांगू तुमाले, आठवडाभर मी त्या रविवारची वाट पाहे.

प्रकाश कालेजात व्हता तव्हा त्यायले कावीळ झाली. औषध झालं, झाडपाला झाला, दवाखाना झाला, अन् ते गेले. रेल्वेनं त्यायच्या जागी मले कामावर घेतलं, बायकायच्या वेटिंग रूमवर. झाडायचं, पुसायचं, पानी टाकायचं, रातची पाळी असली का सामानाकडं लक्ष ठेवायचं. इथं चारी बाजूच्या गाड्या येतात, कोनी सुरतेचं, कोनी नागपूरचं. जेवायच्या येळेले बठ्ठे डबे उघडतात, लसनाच्या चटनीचा वास सुटतो, बाया लेकरायले भरवतात, मी कोपऱ्यात स्टुलावर. कोनी म्हने, बाई, घ्या पोळी. कोनाचं ध्यान नसे. मंग गाडी येये अन् खोली रिकामी होये. घरी गेलं तर तेही रिकामं. रविवारी मी कव्हा कव्हा मटन आने, पन एकल्या मानसाले आनाचं किती, खाटीक पावशेराच्या खाली देत नई, अन् आनलं तरी रांधून समोर घेतलं का घास उतरत नसे.

प्रकाश जळगावले पाइपाच्या कारखान्यात लागला. तिथं त्याले नयना आवडली. पोरगी चांगली, हळू बोलनारी. तिच्या घरी बठ्ठे माळकरी, बापानं एकच सांगलं, पोरानं माळ घालावी. प्रकाशनं घातली अन् मंग मले सांगलं, आई, मी मटन सोडलं. मी म्हटलं, बरं केलं. लगन झालं, त्यायनं जळगावले खोली केली. भुसावळ-जळगाव काय लांब आहे, पॅसेंजरमधी बसलं का हातातल्या शेंगा सरत नईत तो जळगाव येतं. पन ते येयेत अन् जेवत नसत. नयना चहा घेये, घड्याळाकडं पाहे. एक दिवस प्रकाशनं मले दारात हळूच सांगलं, आई, त्या भांड्यायचं तिले कसंतरी होतं.

दुसऱ्या दिवशी मी मटनाचं पातेलं मोडीत दिलं. तवा दिला, पळी दिली, नवीन घेतलं. अन् मी बी मटन सोडलं. सोड म्हनून कोनी म्हटलं नव्हतं.

मंग एकदा काय झालं, एक बाई इंदूरकडची, तिची गाडी लई लेट झाली. तिनं डबा उघडला अन् पोळीवर भाजी ठेवून माह्या हातात दिली. मी घास घेतला अन् थांबली. म्हटलं, ताई, मी मटन सोडलं. ती हसली, म्हने, मटन नई हो, सोयाबीनच्या वड्या, आमच्याकडं वावरा-वावरात सोयाबीन पिकतं, तेल काढून जे उरतं त्याच्या करतात. कसं करायचं तेही सांगलं तिनं. उकळत्या पान्यात भिजवायच्या, फुगल्या का पिळायच्या, गार पान्यातून काढून आनखी पिळायच्या, नईतर कच्च्या दान्याचा वास राहतो.

वान्याकडून पाकीट आनलं. पहिल्या खेपेले मी चांगल्या पिळल्याच नई, त्या लागल्या पावसात भिजलेल्या चपलीसारख्या, दारावरच्या गाईले टाकल्या तर तिनं बी तोंड फिरवलं. मंग जमत गेलं. हातानं दाबून दाबून पिळल्या, तेलात लाल होऊ देल्या, मंग काळा मसाला टाकून रस्स्यात मंद आचेवर ठेवल्या का बठ्ठा मसाला पिऊन घेतात. झाकन उघडलं अन् माह्यं घर, भाऊ, पहिल्यासारखं वासानं भरलं. मले रडू आलं. म्हटलं, आता पोरगा जेवन. माळही राहीन अन् रविवारही राहीन.

एस्टीडीवरून फोन केला, नवी भांडी आहेत, सोयाबीन आहे, दोघं जेवाले या. आले. मी पहाटपासून लागली व्हती, ज्वारी-उडदाच्या कळन्याच्या भाकरी, कांदा, रस्सा. प्रकाशनं पहिला घास घेतला अन् थांबला. माह्याकडं पाहिलं, खाली मान घालून खात राहिला, दुसरी भाकर सोता घेतली. माह्यं ध्यान त्याच्यावरच. नयनाकडं पाहिलं तर तिनं वडी बोटानं उकलली व्हती, आतून धागे धागे निघतात ना, ते पाहत व्हती. एक घास तिनं घेतला व्हता. उठली, मोरीत गेली अन् ओकली.

परत आली तर डोळे भरलेले. म्हने, आई, खरं सांगा. मी पाकीट आनून दाखवलं. ती म्हने, पाकीट दिसतंय मले, आई. पन तोंडाले पटत नई. मले माफ करा.

ती रागावली नव्हती, म्हनून तिच्यावर रागावता बी येईना. मी तिले साखर-पानी देलं. प्रकाश हात धुवाले बाहेर आला, मी पानी टाकत व्हती. म्हने, आई, हे पुन्हा नको करू. मी म्हटलं, चुकलं का काही? तो म्हने, नई, अगदी पहिल्या मटनासारखंच झालं. मी विसरलो व्हतो, आज बठ्ठं आठवलं. बाबा बी आठवले.

संध्याकाळच्या पॅसेंजरनं ते गेले. रस्सा अर्धा उरला व्हता, मी झाकून ठेवला. त्याच्यानंतर तो बरेच महिने आला नई. फोन करे, तब्येत विचारे, ठेवून देये. मी स्टेशनावर जळगावची गाडी आली का उगाच खिडकीतून पाहे.

नयनाले पोरगी झाली तव्हा तिची आई आजारी, नयनानंच मले बोलावलं. मी रजा टाकून गेली, डिंकाचे लाडू केले, नातीले न्हाऊ घातलं. तव्हापासून नयना माह्या हातचं खाते. हिवाळ्यात वांग्याचं भरीत करते मी, कपाशीच्या काड्यायवर भाजून, तर दोन्ही हातानं वाढून घेते. वरन-बट्टी खाते. प्रकाश बी खातो. त्या दिवसाचं कोनी काढत नई, मी बी काढत नई.

आता मले रिटायर व्हाचं आहे, क्वार्टर सोडा लागन. नयनाच म्हने, आई, इकडं या, एकलं काहून राहता? जाईन मी. तिथं या वड्या करनार नई. त्या पोरीच्या जिवाले कशाले त्रास? दोघं गुनाची आहेत, देव त्यायले सुखात ठेवो, नात शिकून मोठी होवो. इथं आहे तोवर मात्र रविवारी मूठभर भिजवते. आजही घातल्यात. तुमाले चालतात ना? मंग बसा, भाऊ. मूठ जरा मोठीच पडते माही, एकलीनं सरत नई.