ट्रॅक्टरलाबी सोमवार असतो

हॅलो?… हां, बोल गौरे… अगं मीच, कस्तुरा… तुझ्या आवाजाला काय झालंय? रडतीस का काय?… कुणी सांगितलं?… नागूबाईनं?… आगं बया बया! अंगावरनं वारं गेलं म्हणाली?

रडू नको, आधी ऐक ना… अगं मी धडधाकट हाय! हात हालतोय, पाय हालतोय, त्वांड चालतंय ते तर तुला ऐकूच यायलंय… काय झालं म्हंजी? नागूबाई आली व्हती विरजण मागायला. मी बाजेवर बसलेली. म्हणलं, "आज मला उठायचं न्हाय, फ्रिजमधनं तुझ्या हातानं घे." बस्स, एवढंच… एवढ्यावर तिनं मला लुळी करून तुझ्या जळकोटापतूर पोचवलंबी! शेजारीण हाय का बातमीदार!

न्हाय गं, ताप न्हाय. कंबरबी न्हाय. सुट्टी हाय… सुट्टी गं, सुट्टी!… हस, हस. मलाबी सकाळपासनं हसू आवरंना.

सांगते की, सगळं सांगते. तुझ्या दाजींचं पळणं तुला ठाव हाय… व्हय, तेच. साखर निघाली, डाक्टर म्हणला रोज चालत जावा, अन् हे पळायलाच लागले. रोज! पाऊस असो, लगीन असो, मयत असो. आमच्या युवराजच्या वास्तुशांतीला सोलापुरातबी पळून आले अन् तशाच घामेजल्या अंगानं होमाला बसले… तू व्हतीस की तवा!… व्हय, भटजी सरकून सरकून बसायला, तेच.

तर आता रविवारी धाराशिवला शर्यत हाय. आजोबा अन् नात, दोघांनी जोडीनं नाव घातलंय… हर्षाली गं, युवराजची थोरली. पोरगी नवीन बूट घेऊन बसलीय. अन् ह्यांचा गुडघा टम्म सुजलाय… लपवतेत ना! पायरी उतरताना भिंतीला धरतेत, अन् मी बघितलं की म्हणतेत, "भिंतीला वल आलीय का बघायलोय."

डाक्टर म्हणला, आठवड्यातनं एक दिवस पळू नका, न्हायतर गुडघा कायमचा जाईल. हर्षालीनंबी फोनवर घसा कोरडा केला. "आजोबा, पाय सुट्टीच्या दिवशी भरून येतेत, पळायच्या दिवशी नुसते झिजतेत." पर ऐकतील तर ते हे कसले? "एक दिवस बसलो की रोजच बसू वाटतंय," म्हणे… लपवले की बूट! ज्वारीच्या कोठीत घातले. तर चपलेवर पळून आले, अन् वर मलाच म्हणले, "आज जरा हलकं वाटलं."

गौरे, खरं सांगू? मला भ्या वाटायलं व्हतं. शर्यत गेली खड्ड्यात. पर ह्यांचं पळणंच बंद झालं तर काय करायचं गं? बैलं विकली तवा कसे बसले व्हते, तू बघितलंस की… व्हय, रिकाम्या दावणीकडं बघत. बोलणं न्हाय, धड जेवण न्हाय. पळायला लागले अन् परत माणसात आले. म्हणून तर तो गुडघा टिकाया पायजे.

काय केलं? ऐक तर… काल सांजच्याला माझ्या ध्यानात आलं, उद्या सोमवार. अन् सोमवार बैलांच्या सुट्टीचा, आमच्या रानात औत धरत न्हाईत… व्हय बाई, तुझ्या बलभीमरावांना ऐन पेरणीत बैलं दिली न्हाईत, ते मी जन्मभर ऐकायचं का?… अगं आता बैलं गेली, ट्रॅक्टर आला, तरी सोमवारी ट्रॅक्टरला सुट्टी! चावी ह्यांच्या उशाखाली. ट्रॅक्टरला सोमवार, अन् सोताच्या गुडघ्याला न्हाय!

मग म्या वाटीत लोणी घेतलं, त्यात हळद कालवली… व्हय, पोळ्याच्या खांदमळणीला बैलांसाठी कालवतो तशीच! गेले, ह्यांचा पायजमा वर सारला… हसू नको, फोन ठिवीन हां!… दोन्ही गुडघे चोळले, हात जोडले, अन् म्हणलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

जलमभर पोळ्याच्या आदल्या दिशी बैलाच्या कानात जे म्हणत आले, ते काल सोताला ऐकावं लागलं. गुडघ्यावरचं लोणी बोटानं पुसून बघितलं. मला वाटलं आता वाटी भिरकावतेत. अन् मग हळूच म्हणले, "कस्तुरा, आवतण जोडीला असतंय. एकट्या बैलाला कोण देतंय?"

व्हय गं… वाटी वढून घेतली अन् माझे पाय घेतले मांडीवर. टाचंच्या भेगात लोणी भरलं. म्या म्हणलं, अवो सोडा, पाप लागंल मला! सोडतेत व्हय! अन् म्हणले, "आज आवतण घ्या." घ्या म्हणले, गौरे! मला!… रडत न्हाय, लोणी गेलं डोळ्यात… व्हय, कालचंच लोणी. गप.

तर असं ठरलंय. सोमवार दोघांनीबी धरायचा. मी कामाला उठले, की हे पळायला मोकळे. बूट दारातच ठिवलेत, नाड्या सोडून!… मग? मी विरजण द्यायला उठले असते तर हे गेले असते की हायवेला पळायला!

सोपं? तू बसून बघ एकदा! सकाळी दूध उतू गेलं, मी बसून. शेरडू कोथिंबिरीच्या वाफ्यात शिरलं, मी बसूनच हट् हट् केलं, तर माझ्याकडं बघत बघत खायलंय. हात नुसते शिवशिवायलेत.

सैपाक? हे करायलेत की… तुझे दाजी गं! भाकरी थापायलेत. आवाज येतोय का?… थप… थप… पडली बघ. दुसरी पडली.

काय म्हणलीस?… आगं बया… अगं व्हय की! पहाटंपासनं हुबेच हायती! दूध, भांडी, पाणी, पीठ… रोज पळतेत त्याच्यापेक्षा जास्त सैपाकघरातच पळाले! गुडघ्याला कसली सुट्टी मिळाली? अन् मी बसलीया इथं म्हाराणीवानी… उठू कशी? उठले की बूट चढवतेत!

थांब, धर फोन… अवो! ऐकलं का? सोडा ती भाकरी!… गुडघा म्हणलं, गुडघा!… आधी गॅस बंद करा… या इकडं. या म्हणते ना, बाजेवर जागा हाय… पाय वर घ्या. अस्सं.

हां, हाय गं मी… बसले. भाकरी हातात घेऊनच बसलेत. एका अंगानं काळी, एका अंगानं कच्ची… हसतेतबी वर!… दुपारी? काय न्हाय. फुटाणे हायती, गूळ हाय. एक दिवसात कोण मरत न्हाय… अजिबात न्हाय! तू कशाला डबा घेऊन येतीस? मग तुझा सोमवार कोण धरणार?… लोणी हाय ना घरात? मग वाटी दे बलभीमरावांच्या हातात… लाजतीस काय, म्हातारे!

हॅलो?… न्हाय गं, तू न्हाय, हे काय तरी बोलायलेत… थांब जरा… विचारायलेत, लग्नात मी हिरवं नेसले व्हते का पिवळं… आता सुचलं विचारायला, एवढ्या वर्सानी!… अगं असं बसून कवा बोललोय आम्ही? जे बोललो ते येता-जाता. पाणी द्या, चावी कुठाय, दार लावा…

ठिवते, गौरे. सांगते ह्यांना, नीट सगळं, पहिल्यापासनं. आज कुठं उठायचंय!